बावीस अंश पूर्वेला

"माझंच चुकलं असेल," भाची म्हणाली, आणि आत्याच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच टेकला. तसं पाहिलं तर वाक्य साधं होतं. पंधरा वर्षांची मुलगी रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसली आहे आणि स्वतःची चूक कबूल करते आहे, यात कोणाचा कप आपटावा असं काय आहे? पण ही मुलगी म्हणजे घरातली वकील. हे नाव तिच्या बापानेच ठेवलेलं, ती चार वर्षांची असताना. उजवा बूट डाव्या पायात घालून, तो बरोबरच आहे, पायच चुकीच्या बाजूला आहे, हे तिने अर्धा तास पटवून दिलं होतं, तेव्हापासून. मग पुढची अकरा वर्षं ती डॉक्टरांशी भांडली, ग्रंथालयातल्या बाईंशी भांडली, छापील प्रश्नपत्रिकेशी भांडली, आणि एकदा तर स्वयंपाकघरातल्या घड्याळाशी भांडून ते चार मिनिटं पुढे आहे हे सिद्ध करून मोकळी झाली. हरली तरी 'बरं, पण' असं म्हणून हरायची. 'माझंच चुकलं' हे तिच्या तोंडून आत्याने आज पहिल्यांदा ऐकलं. ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"काय चुकलं?" आत्याने विचारलं.

"सहावा प्रश्न. बघ ना." भाचीने कागद तिच्याकडे सरकवला. वर लाल शाईत सरांचं अक्षर होतं: खूण पाहा. थर पश्चिमेला उतरतो. छेद पुन्हा काढून सोमवारी द्या. खाली भाचीने काढलेला छेद होता, म्हणजे जमीन सुरीने उभी कापली तर आत कोणता थर कसा दिसेल त्याचं चित्र. सगळे थर पूर्वेकडे कललेले, आणि त्यांच्यावरून सरांची एक लांब लाल रेघ. शाळांच्या विज्ञान स्पर्धेत हा एक वेगळाच प्रकार होता: हातात एक भूनकाशा द्यायचे आणि पन्नास मिनिटांत दोघींनी मिळून सांगायचं, कोणता खडक आधीचा, कोणता नंतरचा, कोण कोणाच्या खाली जातो आणि कुठल्या दिशेला. शाळेत चार मुली तयारी करत होत्या आणि जाणार होत्या दोन. सोमवारी हा शेवटचा सरावाचा कागद परत घेऊन सर नावं सांगणार होते. पाच प्रश्न चौघींचे बरोबर होते, सगळं अडलं होतं ते सहाव्यावर. बाकी तिघींनी पश्चिम लिहिलं होतं.

"सर काही भूशास्त्राचे नाहीत," आत्या म्हणाली. "त्यांचा विषय भौतिकशास्त्र."

"ते मी त्यांना म्हटलंच. मग त्यांनी सरावाच्या पुस्तकातलं शेवटचं, उत्तरांचं पान दाखवलं, तिथेही पश्चिमच आहे. तरी मी भांडले असते गं. पण मग हे दिसलं." भाचीने नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे तीळभर आकाराच्या अक्षरांत शीटचा क्रमांक होता, आणि त्याच्या शेजारी 'रेखन' हा शब्द आणि दोन आद्याक्षरं. "शीट तुझी आहे. सर चुकतील, पुस्तक चुकेल, तू कशी चुकशील? म्हणजे उरले मीच." हे तिने इतक्या सहज सांगितलं, जणू बेरीज करून खाली उत्तर मांडलं.

आत्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. ती दोन अक्षरं तिने एकोणतीस वर्षं काढली होती, नकाशामागून नकाशा, आणि तरी आता ती अशी अचानक समोर आल्यावर तिला आधी आनंदच झाला, हे खोटं कशाला बोला. झेरॉक्सची झेरॉक्स होऊन कागद पिठासारखा झाला होता, पण अक्षरांची कंबर अजून सरळ होती. ती सर्वेक्षण कचेरीत ट्रेसर होती. लाइट टेबलच्या काचेखाली नळीचा दिवा, काचेवर भूवैज्ञानिक साहेबांची मळकी, घडी पडलेली, कधी चिखलाचे शिंतोडे उडालेली फील्ड शीट, तिच्यावर स्वच्छ ट्रेसिंग, आणि हातात सुईएवढ्या तोंडाचं शाईचं पेन. डोंगर कोणी तरी दुसराच चढायचा. ती फक्त रेघ उचलायची. पहिल्या वर्षी हात कापायचा म्हणून ती सकाळी चहा घेत नसे. पुढे हात असा बसला की पेन टेकवल्यापासून उचलेपर्यंत श्वास आपोआप थांबायचा, आणि हेडक्लार्क लांबून विचारायचा, बाई, जिवंत आहात ना? तिला त्याचा राग यायचा नाही. शाईचा डाग पडला तर ब्लेडच्या कोपऱ्याने ट्रेसिंग अलगद खरवडून, नखाने घासून, त्याच जागी पुन्हा रेघ मारायची, आणि ती जोडलेली जागा कोणाला ओळखता आली तर आपण नोकरी सोडू, असं ती मनातल्या मनात म्हणायची. कोणाला कधी ओळखता आली नाही.

साहेब बोलायला कंजूस. डोंगरातून महिनाभराने यायचे, रापलेले, बुटांना कुठकुठली माती, आणि टेबलावर गुंडाळी ठेवून 'घ्या' एवढंच म्हणायचे. बाकीच्या ट्रेसरांच्या शीट ते भिंग घेऊन तासन्‌तास तपासत, पेन्सिलीने गोल करून परत पाठवत, आणि परत आलेली शीट बघून लोकांच्या तोंडचं पाणी पळे. एक दिवस आत्या आपली शीट घेऊन गेली तर त्यांनी भिंग हातातसुद्धा घेतलं नाही, सरळ सही केली. ती दारात घुटमळली तेव्हा मान वर न करता म्हणाले, "तुमची शीट मी तपासत नाही." बस्स. लग्न ठरलं नाही, बढती दोनदा हुकली, आईची दुखणी काढता काढता तिशी कधी गेली आणि चाळिशी कधी आली ते कळलं नाही, पण या पाच शब्दांनी तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं ते कायमचं. ती गोष्ट तिने भावाला सांगितली, वहिनीला सांगितली, निवृत्तीच्या दिवशी भाषणात सांगितली. भाचीला तर ती इतक्या वेळा सांगून झाली होती की भाची साहेबांचा आवाज काढून म्हणून दाखवायची, नाक जरा वर करून.

एक गोष्ट मात्र तिने कोणाला सांगितली नव्हती. तिला नकाशा वाचता येत नव्हता. रेघा उचलता यायच्या, केसाच्या जाडीइतकी चूक न करता. पण त्या रेघा काय म्हणतात ते तिला कोणी कधी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. विचारलं असतं तर साहेबांनी सांगितलंही असतं कदाचित. चार महिन्यांपूर्वी भाची सरावाचे कागद घेऊन आली आणि भाऊ म्हणाला, "ताईला विचार, जन्मभर तेच केलंय तिने," तेव्हा ती मोठ्या तोऱ्यात चष्मा पुसत बसली. भाचीने पहिलाच प्रश्न विचारला, "आत्या, दोन खडकांमधली ही सीमा नाल्यावर आली की अशी टोकदार का होते?" आत्याने बराच विचार केला आणि म्हणाली, "साहेब तशी काढायचे म्हणून." भाची हसली ती उचकी लागेपर्यंत. मग एकाएकी थांबली आणि आत्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात तिला सगळं कळलं हे आत्यालाही कळलं. पण वकिलीण असूनही तिने ते कोणाजवळ बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी ती सोफा दुरुस्त करणाऱ्याकडून तीन रंगांच्या स्पंजचे तुकडे मागून घेऊन आली. ते एकावर एक चिकटवले, वाळल्यावर तिरपे धरून वरचा भाग सपाट कापला, आणि वहिनीच्या पाव कापायच्या सुरीने त्यात एक आडवी दरी कापली. वहिनी म्हणाली, "त्या सुरीने उद्या पाव कापायचा आहे, एवढं लक्षात असू द्या." कोणी लक्ष दिलं नाही. दरीच्या दोन्ही उतारांवरून निळा थर खाली येत होता आणि मधे तळाशी टोकदार होऊन ज्या बाजूला थर झुकला होता त्याच बाजूला बोट दाखवत होता. भाचीने स्पंज उलट्या बाजूने कलता केला, दुसरी दरी कापली, आणि टोक फिरलं. आत्याने तो डिंक लागलेला स्पंज कितीतरी वेळ हातात फिरवला. एकोणतीस वर्षं तिने शेकडो नाल्यांवरची ती टोकं काढली होती, आणि त्यातलं प्रत्येक टोक कुठे तरी बोट दाखवत होतं.

तेव्हापासून ती या मुलीची शिष्य होती. बाहेरून बघणाऱ्याला उलटं वाटे. आत्या तिला पेन्सिलीला टोक कसं काढायचं ते दाखवी, रबराचा चुरा हाताने झटकायचा नाही, ब्रशने झाडायचा, हे सांगी, खात्रीची सीमा अखंड रेघेने, अंदाजाची तुटक रेघेने, मातीखाली झाकलेली ठिपक्यांनी, आणि अंदाजाची रेघ कधी मोहाने अखंड करायची नाही, हे बजावी. आणि मुलगी सपाट कागदाकडे बघून एकदम म्हणे, "हा खालचा खडक इथे वर आलाय, वरचे झिजून गेलेत, बघ, मधे म्हातारे आणि कडेला तरुण." आत्या बघे, आणि खरंच, कागद फुगून वर येई. हे तिला कोणी शिकवलं? सरांना येत नव्हतं, बापाला येत नव्हतं. तिच्या डोळ्यांत ते होतंच. आत्याला तिचा हेवा वाटला असता तर ते समजण्यासारखं होतं, पण हेवा वाटायचा नाही. गवयाच्या मागे तंबोरा धरून बसावं, तसं वाटायचं.

आणि आता हीच मुलगी म्हणत होती, माझंच चुकलं. "तू पूर्व कुठून आणलंस ते दाखव," आत्या म्हणाली.

भाचीने पट्टी घेतली. तिचा उत्साह गेला होता, पण हात नीट चालत होता. "हा नाला पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. ही सीमा नाल्यावर येते आणि तिचं टोक पूर्वेला, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूला जातं. एवढ्यावरून मला उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून मी मोजलं. चारशे चाळीस मीटरची कंटूर, म्हणजे तेवढ्याच उंचीवरून जाणारी रेघ, सीमेला दोन्ही काठांवर छेदते, इथे आणि इथे. ते दोन बिंदू जोडले. चारशे वीसचे दोन जोडले. या दोन रेघा समांतर आल्या, आणि कमी उंचीची रेघ पूर्वेला आली. म्हणजे थर पूर्वेला खाली जातो. दोन रेघांत पाच मिलिमीटर अंतर, म्हणजे जमिनीवर पन्नास मीटर. पन्नास मीटरला वीस मीटर उतार. बावीस अंश येतो." तिने पट्टी खाली ठेवली. "आणि खुणेशेजारी बावीसच लिहिलंय. आकडा जुळला म्हणून मी खूश झाले होते. पण खूण उलटी आहे. खूण तिथे उभं राहून मोजलेली असते. माझं इथे बसून काढलेलं. मग खरं कोणाचं?"

नकाशावर थराचा उतार दाखवायची खूण अगदी साधी असते. एक लहान आडवी रेघ, थर ज्या दिशेने पसरला आहे ती. तिच्या मधोमध एक बारीक काडी, दोन मिलिमीटरची, थर ज्या बाजूला खाली उतरतो त्या बाजूला. काडीशेजारी अंशांचा आकडा. आत्याने भिंग घेतलं. रेघ उत्तर-दक्षिण होती. काडी पश्चिमेला होती. आकडा बावीस होता. आणि भिंगातून ती काडी एवढी मोठी दिसल्याबरोबर तिच्या उजव्या मनगटाला ते आठवलं. डोक्याला नंतर आठवलं.

चिठ्ठी. त्या शीटला एक चिठ्ठी होती. शीट पूर्ण झाली होती, खालच्या समासातलं शीर्षक आणि मोजपट्टी काढून शाई ओली होती, आणि शिपाई साहेबांची चिठ्ठी घेऊन आला होता, नाल्याजवळ एक नोंद राहिली, घालून घ्यावी, बावीस अंश, पूर्वेला. फील्ड शीटवर ती खूण नव्हतीच, म्हणजे खालून उचलायचा प्रश्न नव्हता. ओल्या समासावर हात पडू नये म्हणून ती टेबलाच्या पलीकडे जाऊन बसली, उलट्या बाजूला. शीट तिच्याकडे डोकं करून होती. पूर्व तिच्या डाव्या हाताला होती. आणि तिने पूर्व म्हणून काडी मारली ती उजव्या हाताला, जशी जन्मभर मारत आली होती. आकडा मात्र शाई वाळल्यावर सरळ बाजूने लिहिला, काडीशेजारी, छान. तेव्हाही दिसलं नाही. वाचता येत असतं तर दिसलं असतं, दोन बोटांवरचं नाल्याचं टोक ओरडून सांगत होतं. दिवस कुठला होता? ती आठवायचा प्रयत्न करू लागली. आईचं ऑपरेशन होतं का त्या आठवड्यात? की ज्या मुलाने नकार कळवला तो तेव्हाचा? काहीतरी असायला हवं होतं. पण तिला आठवलं ते एवढंच, की त्या दिवशी पंखा दुरुस्त होऊन आला होता आणि सगळे खुशीत होते. कारण काहीच नव्हतं. ती चांगल्या मनाने, थंड डोक्याने, अगदी सुबक चुकली होती.

आणि साहेबांनी ती शीट तपासली नव्हती. हे जरा उशिरानेच तिच्या लक्षात आलं, आणि आलं तेव्हा तिने भिंग खाली ठेवलं. कोणाही नवशिक्या ट्रेसरची शीट असती तर त्यांनी भिंग फिरवलं असतं आणि काडी पाहताक्षणी पेन्सिलीने गोल केला असता. ज्या वाक्यावर ती इतकी वर्षं जगली, त्याच वाक्याच्या भोकातून ही चूक बाहेर पडली होती, छापली गेली होती, कोणी तरी ती शीट सोपी आणि सुबक म्हणून सरावाच्या पुस्तकात घेतली होती, खुणेवरून उत्तर ठरवलं होतं, आणि इतकी वर्षं मुलं त्या नाल्यावर थर उलटा टाकत होती. तो नाला कुठे तरी खरोखर आहे. त्याच्या काठी थर पूर्वेलाच उतरतो आहे, काल उतरत होता, उद्याही उतरेल. त्याला कोणाच्या काडीशी देणंघेणं नाही. या विचाराने तिला आधार वाटायला हवा होता, पण वाटली ती लाज.

भाऊ आतून आला. तो चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढायचा आणि रविवारी कोणाच्याही डोळ्यांत बघायचा नाही अशी त्याची प्रतिज्ञा होती. "काय वकीलसाहेब, केस हरलात म्हणे?"

"हरले," भाची म्हणाली.

"ऐकलंस का गं?" तो स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला. "कॅलेंडरवर लिहून ठेव." आतून वहिनी म्हणाली, "तुम्ही तिला छळू नका, उद्याचं आटपू दे." भावाने मुलीच्या डोक्यावर टपली मारली, आत्याच्या बशीतलं बिस्किट उचललं आणि तो गच्चीकडे गेला.

गप्प राहायला काय हरकत आहे, असं आत्याच्या मनात आलं, आणि तो विचार एकटा आला नाही, बरोबर चांगली कारणं घेऊन आला. सरांकडच्या उत्तरात पश्चिम आहे. मुलगी पश्चिम लिहील, गुण मिळतील, निवड होईल, स्पर्धेत दुसरा नकाशा येईल, तिथे ती तिचं बघून घेईल. खरं सांगितलं तर उलट घोळ. सर म्हणतील, पुस्तकात आहे ते बरोबर, आणि हिची जागा जाईल. चिठ्ठी कुणाकडे नाही. साहेबही आता नाहीत. ही गोष्ट जगात फक्त एका मनगटाला ठाऊक आहे. मुलीच्याच भल्यासाठी मूग गिळून बसायचं, एवढंच. किती सोयीचं भलं, असं तिला वाटलं, आणि तरी ती बसून राहिली.

भाचीने रबर घेतलं. पुसायची जागा सोडून बाकीचं झाकायला तिने बारीक फटी असलेली पत्र्याची पट्टी कागदावर ठेवली, आत्याने शिकवली होती तशी, आणि एकेका फटीतून एकेक थर पुसायला लागली. हलक्या हाताने, एकाच दिशेने, कागदाचा पृष्ठभाग न दुखवता. चार-पाच वेळा पुसलं की ब्रशने झाडायचं, पुन्हा पुसायचं. वरचा वाळूचा थर गेला. आत्या बघत होती. इतकं नीट पुसणारी मुलगी तिने कचेरीतसुद्धा पाहिली नव्हती. ती खरं उत्तर पुसत होती, तेही आत्याच्या पद्धतीने. मग ती दुसऱ्या थराशी आली आणि थबकली, नाल्यावरच्या त्या टोकाकडे एकदा बघितलं, तिचे डोळे बारीक झाले, नेहमी ती काही पकडते तेव्हा व्हायचे तसे, आणि मग तिने मान हलवली, असेल बाई, आणि रबर पुन्हा टेकवलं. ते मान हलवणं आत्याला बघवलं नाही. आज एक थर पुसला जाईल. उद्या कुठला तरी कागद म्हणेल एक आणि डोळे म्हणतील दुसरं, आणि ही अशीच मान हलवील.

"थांब," आत्या म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा आला. "पुसू नकोस. तुझं बरोबर आहे. काडी मी उलटी मारली."

आत्याने चिठ्ठीचं सांगितलं, ओल्या शाईचं सांगितलं, पलीकडे जाऊन बसल्याचं सांगितलं. साहेबांनी तपासलं नाही, हेही सांगितलं. ते सांगायलाच सगळ्यांत जड गेलं. बोलून झाल्यावर ती मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी पडेल, विझेल, त्याची वाट बघत बसली. इतक्या वर्षांची आत्या एका दुपारीत कोसळायची तर आवाज तरी होईल, असं तिला वाटलं होतं.

"कशावरून?" भाची म्हणाली.

"काय कशावरून?"

"तुला आठवतंय म्हणून ते खरं कशावरून? एवढ्या वर्षांपूर्वीचं. मला वाईट वाटू नये म्हणूनही तू म्हणत असशील. पुरावा काय?" वकील परत आली होती. गुन्हेगार समोर हात जोडून उभा आणि वकील म्हणते, आधी सिद्ध करा. आत्याला हसावं की रडावं ते कळेना. आपली चूक लपवताना माणसाला कष्ट पडतात हे ठाऊक होतं. कबूल करतानाही एवढे पडतील असं वाटलं नव्हतं. ती उठली, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि समोरची खुर्ची ओढून बसली. "कागद हलवू नकोस. पेन्सिल दे. आता मला सांग, पूर्वेला काडी मार. पटकन सांग, मला विचार करायला देऊ नकोस."

"उत्तर-दक्षिण रेघ. बावीस, पूर्वेला," भाची म्हणाली. आत्याने कोऱ्या जागेत रेघ ओढली आणि हाताला मोकळं सोडलं. काडी उजवीकडे पडली. दोघींनी बघितलं. मग भाचीने काडीवर बोट ठेवलं, तिथून ते नकाशावरच्या उत्तर दिशेच्या बाणावर नेलं, पुन्हा काडीवर आणलं, आणि आत्याने इतकी वर्षं सांभाळलेला हात पश्चिमेकडे गेला होता हे कागदावर सगळ्यांना दिसेल असं दिसलं.

"म्हणजे पूर्वेलाच," भाची हळू म्हणाली. मग तिचा चेहरा असा उजळला की आत्याला क्षणभर कळेचना हे काय चाललंय. "म्हणजे थर खरंच पूर्वेला जातो. मला वाटतच होतं. बघ ना, नाहीतर हा खालचा चुनखडीचा पट्टा इथे दिसायलाच नको होता, मी परवापासून विचार करतेय." ती पुसलेला थर पुन्हा काढायला लागलीसुद्धा. आत्या बसली तशीच बसली. एवढी मोठी कबुली दिली, आणि मुलीला पडलंय खडकाचं. थोडं लागलं तिला, नाही असं नाही. माणसाला आपल्या चुकीचाही मान हवा असतो. पण मग ती त्या वाकलेल्या डोक्याकडे बघत राहिली, कानामागे सरकवलेल्या केसांकडे, पेन्सिलीच्या टोकाकडे. या मुलीला कोण चुकलं यात रसच नव्हता. जमीन कुठे जाते एवढंच तिला हवं होतं. साहेबांचं असंच होतं का? म्हणून ते बोलायला कंजूस होते का? आत्याला साठी उलटल्यावर कळलं, की आपण इतकी वर्षं ज्याला अचूकपणा म्हणत होतो तो आपल्या नावासाठी होता.

तिने कोरा कागद घेतला आणि सरांना पत्र लिहिलं. शीटचा क्रमांक लिहिला. नाल्याजवळची उताराची खूण माझ्या हातून उलट बाजूला पडली आहे, नोंद बावीस अंश पूर्वेला अशी होती, विद्यार्थिनीने सीमारेषेवरून काढलेलं उत्तर बरोबर आहे, मुलींनी कोणता उतार खरा धरायचा ते आपणही रेषेवरून मोजून पाहावं. खाली नाव, आणि नावाखाली, निवृत्त ट्रेसर. "पुस्तकवाल्यांनाही एक पाठवायला हवं," ती म्हणाली.

भाचीने पत्र वाचलं. "'माझ्या हातून' काढ. 'खूण उलट पडली' एवढं पुरे."

"राहू दे ते."

"बरं, पण मग एक वाक्य घाल." भाचीने पेन्सिल उलटी धरून नकाशावर नाल्यापाशी टेकवली. "ही सीमेची रेघ कोणी काढली?"

"मीच. शीट माझी आहे ना."

"मग? मी अर्ध्या मिलिमीटरवर मोजलं आत्या. चारी बिंदू. रेघ जरा जरी इकडेतिकडे असती तर बावीस आला नसता, काहीतरी भलतंच आलं असतं, आणि मला कळलंच नसतं की काडी उलटी आहे. मला कळलं ते तुझ्या रेघेवरूनच कळलं." ती हे समजूत काढायला म्हणत नव्हती. तिचा सूर बूट आणि घड्याळाच्या वेळचाच होता, मुद्दा मांडण्याचा. "ते पण लिही. नाहीतर सरांना वाटेल सगळी शीटच तशी आहे."

आत्याने ते लिहिलं नाही. तिला लिहिता येईना, अक्षरं दिसेनात. तिने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला. मग कपाटातून जुना पेनाचा डबा काढला, त्यातल्या एका नळीत अजून शाई होती, आणि झेरॉक्सवरची ती काडी ब्लेडच्या कोपऱ्याने अलगद खरवडली. या वेळी ती सरळ बाजूला बसली, उत्तर वर, पूर्व उजवीकडे. पेन टेकवलं, श्वास थांबला, दोन मिलिमीटर, आणि पेन उचललं. खरवडलेली जागा स्वच्छ दिसत होती, कोणालाही ओळखू आली असती.

भाची पत्र घडी घालून दप्तरात ठेवणार होती. "त्याच्याबरोबर हीसुद्धा दे," आत्या म्हणाली आणि शीट तिच्याकडे सरकवली. मग भिंगही सरकवलं. "पण आधी तपास."

"काडी ना? बघितली. बरोबर आहे."

"काडी नाही. सगळी."

भाचीने तिच्याकडे एकदा बघितलं. मग खुर्ची पुढे ओढली, पट्टी घेतली, भिंग घेतलं, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. एकेक कंटूर, एकेक सीमा, एकेक आकडा. वहिनीने विचारलं, चहा टाकू का, तरी भिंग सरकतच राहिलं. आत्या समोर हात मांडीवर ठेवून बसली होती, दारात घुटमळणाऱ्या नव्या ट्रेसरसारखी, आणि मुलगी वर बघेल त्याची वाट बघत होती.